‘लष्करी शिस्त’ हे उत्तर की प्रश्न?

नर्सिंग कॉलेजांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका चाळल्यात तर एक वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. अमुक साली कोणी निवृत्त कॅप्टन, मेजर किंवा कर्नल मॅडम प्राचार्या म्हणून रुजू झाल्या आणि त्यांनी संस्थेला लष्करी शिस्त लावली. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच राहतो. शेजारी शाल-श्रीफळाचा फोटो, आणि पान उलटलं की देणगीदारांची यादी.

आज या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे, कारण ते स्मरणिकेतून उठतं आणि थेट सिनॉप्सिसमध्ये जाऊन बसतं. ‘लष्करी परिचारिकांचा सिव्हिल नर्सिंग शिक्षणावरील प्रभाव’ असा काहीसा विषय घ्यायचा, गृहीतकात शिस्त लिहायची, प्रश्नावलीत शिस्त विचारायची आणि शेवटी निष्कर्षातही शिस्तच सापडायची. सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला तर हे गृहीतक तपासावंसंही वाटत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाने ४६ माणसं गमावली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. अशा मुलखात फौजेतून आलेल्या बाईने शिस्त आणली हे कोणाला पटणार नाही?

आणि इतकं सहज पटतं, म्हणूनच ते आधी तपासायला हवं.

एक शब्द आधीच स्पष्ट करते. मराठीत ‘नागरी’ म्हटलं की शहरी असा अर्थ डोक्यात येतो, म्हणून मी फौजी घरांत बोलला जातो तो ‘सिव्हिल’ हाच शब्द वापरतेय. आपल्याकडे ‘सिव्हिलला नेलं’ म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं, हा दुसरा अर्थ आहेच. मुलाखती घेताना समोरच्या बाई कोणत्या अर्थाने बोलतायत ते विचारून घ्या, नाहीतर ट्रान्सक्रिप्टमध्ये घोळ होतो.

आता पहिली हरकत. या वाक्यात एक दिशा गृहीत धरलेली आहे: लष्करात काहीतरी होतं, ते सिव्हिलमध्ये आलं. पण इतिहासात प्रवाह बराच काळ उलटा वाहत होता. १८८८ च्या मार्चमध्ये हिंदुस्थानातल्या लष्करी रुग्णालयांची शुश्रूषा लावून द्यायला दहा इंग्रज नर्सेस मुंबईत उतरल्या. त्यांच्यातल्या प्रमुख कॅथरिन लॉक आल्या होत्या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज या सिव्हिल रुग्णालयातून. म्हणजे वॉर्ड कसा चालवायचा हे लष्कराला शिकवायला सिव्हिलची सिस्टर आली. पुढे १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावर तात्पुरती भारतीय नर्सिंग सेवा उभी केली, तेव्हा भारतीय नर्सेस पहिल्यांदा त्यात आल्या. त्या शिकल्या होत्या त्या सिव्हिल आणि मिशन रुग्णालयांत. १९२६ मध्ये भारतीय लष्करी नर्सिंग सेवा कायम झाली, १९४३ च्या अध्यादेशाने नर्सेसना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. त्याआधीच, १९४२ मध्ये, युद्धाची गरज भागवायला सहायक नर्सिंग सेवा काढावी लागली होती. पुण्यातल्या एएफएमसीचं नर्सिंग कॉलेज तर १९६४ चं. तोपर्यंत दोन महायुद्धं होऊन गेली होती.

आता हे शेजारी ठेवून पाहा. भोर समितीचा अहवाल १९४६ चा. त्यात अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस होत्या सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. एवढ्याशा साठ्यातून लष्करानेही माणसं घेतली आणि रुग्णालयांनीही. त्यामुळे युद्ध संपल्यावर गणवेश उतरवून शिकवायला आलेली एखादी बाई सापडली, तर ‘ती लष्कराची’ असं चटकन म्हणू नका. ती आधी कुठे शिकली हे बघा. कदाचित ती परतच आली असेल.

दुसरी हरकत जरा तात्त्विक आहे, पण व्हायवात हमखास येते. शिस्त हा शब्द दिसला की आपल्याकडे लगेच फूकोचं नाव टाकायची सवय आहे. टाका, हरकत नाही, पण मग त्यांचं १९७५ चं पुस्तक नेमकं काय सांगतं तेही घ्या. बराकी, शाळा, रुग्णालय, कारखाना या सगळ्यांत वेळापत्रक, तपासणी, रांगा, नोंदी ही तंत्रं एकमेकांसारखी दिसतात, हा तिथला मुद्दा. तो मान्य केलात, तर ‘बराकीतून शाळेत शिस्त आली’ हे तुमचं गृहीतक त्याच पुस्तकाने पोखरलं जातं. एकाच परिच्छेदात दोन्ही ठेवता येणार नाहीत. मार्गदर्शकांनी सोडलं, तरी बाहेरचे परीक्षक सोडत नाहीत.

आणि नर्सिंगच्या बाबतीत तर हे मिश्रण मुळातच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात गेल्या, आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची नर्सिंग शाळा निघाली. सिव्हिल नर्सिंग शिक्षणाचा जो साचा जगभर गेला, त्यालाच लष्करी वॉर्डाचा वास होता. तुमच्या कॉलेजात २००५ साली आलेल्या कर्नल मॅडमनी तो आणला असं म्हणायचं, तर त्यांच्या आधीच्या दीडशे वर्षांचं काय करायचं?

तिसरी हरकत आपल्या घरची. मिरज. डॉ. विल्यम वानलेस यांचं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं रुग्णालय १८९४ मध्ये तिथे उघडलं आणि लवकरच नर्सेसचं शिक्षणही सुरू झालं. या भागात नर्सिंग शिक्षणाची सवय लावली ती मिशनने. मिशनच्या नर्सिंग शाळांचा साचा कोणताही असो, त्यात घंटा आहे, प्रार्थना आहे, वसतिगृहाचं दार बंद व्हायची वेळ आहे, पांढरा स्वच्छ गणवेश आहे, मेट्रनची फेरी आहे. लष्कराचा संबंध नसताना शिस्त पुरेपूर आहे. मग तुमच्याकडच्या शाळेत निवृत्त लष्करी बाई येण्याआधी काय होतं, याचा पुरावा तुमच्याकडे हवा. ‘आधी’ माहीत नसेल तर ‘नंतर’ बद्दल बोलायचा हक्क नाही. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण बेसलाइन म्हणून जे पाठ करतो, ते हेच.

इथपर्यंत मी वाक्य खोडण्याचंच काम केलं. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ते वाक्य चुकीचं असेल-नसेल, ते काहीतरी झाकतं. त्या बाई लष्करातून बाहेर का पडल्या आणि कॉलेजने त्यांना का घेतलं, हे दोन्ही प्रश्न ‘शिस्त’ या शब्दाखाली गडप होतात.

आधी बाहेर पडण्याचं घेऊ. ‘माजी लष्करी परिचारिका’ हा एक गट नाही. कायम कमिशनवर पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईंना पेन्शन असते, हुद्दा असतो, फौजी रुग्णालयाची सोय असते. कॉलेजचा पगार त्यांच्यासाठी वरकमाई ठरू शकतो. शॉर्ट सर्व्हिसवरच्या बाई मात्र पाच, दहा, फार तर चौदा वर्षांनी बाहेर पडतात, बऱ्याचदा तिशीत, आणि अधिकाऱ्याच्या पेन्शनसाठी लागणारी वीस वर्षं त्यांची भरत नाहीत. त्यांच्यासाठी कॉलेजची नोकरी म्हणजे दुसरं करिअर, तेही पहिल्या पायरीपासून. दोघींना एका रकान्यात टाकून ‘माजी सैनिक: होय/नाही’ असं कोडिंग केलंत, तर तुमच्या एसपीएसएसमधून काय निघणार?

आणि एक तिसरी वाट आहे, जिच्याबद्दल स्मरणिका अवाक्षर काढत नाही. लग्न. लष्करी नर्सिंग सेवेत १९७७ च्या सूचनेप्रमाणे लग्न हे नोकरी संपवण्याचं कारण ठरू शकत होतं. ही सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली. त्याआधी लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्नामुळे सेवेतून काढलं. त्या लढल्या. २०१६ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघडउघड मनमानी ठरवून त्यांना ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. निकाल शोधून वाचा, लहान आहे. संशोधकासाठी त्यातली एक बारीक नोंद मोलाची आहे: मधल्या काळात त्यांनी थोडे दिवस खासगी ठिकाणी परिचारिका म्हणून काम केलं होतं.

पाहिलंत? सेवेतून काढलं, आणि मग खासगी ठिकाणी काम. उद्या अशा एखाद्या संस्थेने स्मरणिका काढली असती, तर तिथे काय छापलं गेलं असतं? ‘लष्करातील अनुभवाचा लाभ आमच्या विद्यार्थिनींना मिळाला.’ १९९५ पूर्वी लष्कर सोडून सिव्हिलमध्ये शिकवायला आलेली प्रत्येक बाई अशीच आली असं मी म्हणत नाही. पण तुमच्या यादीत तशी एखादी बाई असेल, तर ‘तुम्ही कधी निवृत्त झालात?’ हा प्रश्न तिला विचारणं म्हणजे तिच्या तोंडात खोटं उत्तर घालणं आहे. ‘लष्करातली नोकरी कशी संपली?’ असं विचारा आणि गप्प बसा.

आता कॉलेजचा प्रश्न. त्यांनी यांना का घेतलं? इथे मला वाटतं, शिस्तीपेक्षा कागद महत्त्वाचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांना एम.एस्सी. नर्सिंग आणि १५ वर्षांचा अनुभव लागतो, त्यात शिकवण्याच्या अनुभवाची वेगळी मोजणी. वर राज्याची परिषद, वर १९९८ पासून नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. सगळ्यांच्या तपासणी समित्या येतात आणि फाइल मागतात. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावात नवं कॉलेज काढणाऱ्या ट्रस्टला असं पात्र माणूस सहज मिळत नाही. लष्करातून निवृत्त झालेल्या, पदव्युत्तर शिकलेल्या बाईंकडे वर्षं भरलेली असतात आणि त्याची लेखी प्रमाणपत्रं तारीखवार असतात. हे माझं अनुमान आहे, पण तपासता येण्यासारखं आहे: तुमच्या कॉलेजात त्या बाई कोणत्या महिन्यात रुजू झाल्या आणि परवानगीसाठीची तपासणी कोणत्या महिन्यात होती, एवढ्या दोन तारखा शेजारी लिहा. जवळ आल्या, तर तुमच्या प्रबंधाला एक प्रकरण मिळालं. लांब गेल्या, तर माझं अनुमान तुमच्याकडे पडलं, आणि तेही लिहा.

मग लष्करातून खरंच काही वेगळं आलं असेल का? असू शकतं, पण ते ‘शिस्ती’पेक्षा बारीक ठिकाणी शोधा. एक जागा सुचवते. लष्करी रुग्णालयात वॉर्डातलं बरंचसं हाताचं काम पुरुष नर्सिंग असिस्टंट करतात, ते सैनिक असतात, आणि नर्सिंग ऑफिसर बाई त्यांच्यावर देखरेख करते. म्हणजे पुरुषांना हुकूम देणारी बाई. आपल्या नर्सिंग शाळांशी जोडलेल्या रुग्णालयात तेच काम वर्षानुवर्षं विद्यार्थिनींनी केलं आहे. शिकायला आलेली मुलगीच वॉर्डाचे हातपाय. पहिल्या व्यवस्थेत वीस वर्षं काढलेली बाई दुसऱ्या व्यवस्थेत येते, तेव्हा विद्यार्थिनीच्या श्रमाकडे ती कशी बघते? तिला नर्सिंग असिस्टंटच्या जागी ठेवते, की ‘ही शिकायला आली आहे, हिला स्पंजिंगच्या पाळ्या एवढ्या का?’ असं मॅनेजमेंटला विचारते? उत्तर मला ठाऊक नाही, पण ड्यूटी रोस्टर ते सांगू शकतं. कॉलेजांत जुनी रोस्टर रद्दीत जातात. आत्ताच विचारा.

दुसरी जागा भाषेची. फौजेची बोलीभाषा हिंदी, वरचा कागद इंग्रजी. एएनएम किंवा जीएनएमला येणारी माण-खटाव, जत, आटपाडीची मुलगी मराठी माध्यमातून आलेली. प्रसूतीपूर्व तपासणी उपकेंद्रात मराठीत करायची आणि शिकवणाऱ्या बाईंनी ती वेगळ्याच भाषेत केलेली. लष्करी रुग्णालयांत कुटुंबांचे वॉर्ड असतात, त्यामुळे बाळंतपण त्यांना नवं नाही. पण वाडीवर जाऊन सासूला समजावणं नवं असू शकतं. स्मरणिकांत यावर ओळही नसते.

संदर्भग्रंथांचं थोडक्यात. मॅडेलीन हिली यांचं ‘इंडियन सिस्टर्स’ (२०१३) वाचल्याशिवाय या विषयात उतरू नका. १९०७ ते २००७ या शंभर वर्षांत नर्सिंग आणि राज्यसंस्था यांचं नातं काय होतं, याची भक्कम मांडणी त्यात आहे. पण शीर्षकातच राज्यसंस्था आहे, आणि तिथून पाहिलं की दिल्ली, परिषदा, संघटना, आंतरराष्ट्रीय मदत हे ठळक दिसतं. कराड किंवा मिरजेतल्या ट्रस्टचं कॉलेज अंधुक. ही त्या पुस्तकाची चूक नाही, पण तुम्ही त्याची चौकट जशीच्या तशी जिल्ह्यावर ठेवलीत तर ती तुमची असेल. त्याआधीचं, अ‍ॅलिस विल्किन्सन यांचं १९५८ चं पुस्तक हे संघटनेच्या आतल्या माणसाने लिहिलेलं आहे. तारखांसाठी उत्तम. भांडणांसाठी नाही, कारण आतली माणसं भांडणं छापत नाहीत. या अर्थाने तीही एक मोठी स्मरणिकाच.

कागदपत्रं शोधायला निघालात तर नकाशा जपा. इथे सगळे अडखळतात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे १९४० च्या दशकातली तासगाव-वाळव्याची परिचारिका साताऱ्याच्या कागदात असेल. मिरज आणि सांगली मात्र तेव्हा संस्थानं होती, ब्रिटिश जिल्ह्याच्या फाइलींत ती सापडायची नाहीत. आणि मिरजेचं रुग्णालय अमेरिकन मिशनचं, त्यामुळे त्याचे अहवाल समुद्रापलीकडच्या मिशन संग्रहातही शोधावे लागतात. ‘सातारा अभिलेखात नोंद नाही, म्हणजे नर्स नव्हती’ हे वाक्य लिहिण्याआधी तिचं गाव त्या वर्षी कोणत्या राज्यात होतं ते बघा. नोंदणीसाठी मुंबई प्रांतात १९३५ चा नर्सेस कायदा, नंतर १९६६ चा महाराष्ट्राचा. परिषदेच्या रजिस्टरात बाई कुठे शिकल्या ते मिळतं. लष्करी कमिशन राजपत्रात येतं. ही दोन टोकं जोडली की तुमच्याकडे स्मरणिकेपेक्षा बरंच काही जमेल.

मुलाखतीत ‘मॅडम, आर्मीच्या शिस्तीचा इथे उपयोग झाला का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला ‘हो, खूप’ याखेरीज उत्तर नाही, आणि समोरच्या बाई सभ्य असतील तर त्या तुम्हाला चार किस्सेही देतील. त्याऐवजी वस्तू विचारा. पहिल्या आठवड्यात काय बदललं? डेड स्टॉक रजिस्टर कोणाकडे होतं? तुमच्या हाताखाली किती ट्यूटर होत्या, त्या कुठून आल्या होत्या? मॅनेजमेंटशी पहिला खटका कशावरून उडाला? मुलींनी तुम्हाला काय नाव ठेवलं होतं? (हे विचाराच. हसतात आणि मग खरं बोलायला लागतात.) आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींना वेगळं भेटा. त्यांच्याकडून ‘शिस्त’ हा शब्द आला तर थांबून विचारा की म्हणजे नेमकं काय व्हायचं. कधी उत्तर असेल ‘वेळेवर यायचं’, कधी असेल ‘आईच्या आजारपणात घरी सोडलं नाही’. एकाच शब्दात दोन्ही मावतात.

शेवटी एक नोंदवही. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय असतं, माजी सैनिक आणि वीरपत्नींची कामं तिथे चालतात. एमएनएस ही आजवर बायकांचीच शाखा आहे, तिच्यातली अधिकारी १९७६ मध्ये मेजर जनरल झाली. पण अल्पकाळ नोकरी करून सुटलेली लष्करी नर्स ‘माजी सैनिक’ धरायची का, हा प्रश्न २०२४ पर्यंत कोर्टात होता. त्या वर्षी इरवान कौर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पंजाबच्या भरती नियमांपुरतं, धरायची असं सांगितलं. साताऱ्यात आणि सांगलीत जाऊन विचारा: माजी सैनिकांच्या यादीत एमएनएसच्या किती बायका आहेत, आणि त्यातल्या किती जणी पुढे शिकवत होत्या. यादी कशी मागायची, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा आणि नावं न उघड करता आकडे कसे मिळवायचे, ते पुढच्या लेखात.